कितव्या दिवसाचं अंडं? जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्यातले चार दिवस

पहिला दिवस, मंगळवार

बेळगाव स्टँडवर जांबोटीची बस धरली तेव्हा पाऊस नुसता भुरभुरत होता, पिरनवाडी सोडल्यावर मात्र असा लागला की कंडक्टरनं स्वतः उठून खिडक्या ओढून घेतल्या. मी आणि माझी भाची, दोघीच. ती एमएस्सी झुऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, मी पीयूसीच्या म्हणजे अकरावी-बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवते, चार दिवस रजा टाकून निघालेली. आधार कार्ड दाखवून बायकांच्या फुकट प्रवासाची दोन शून्य तिकिटं घेतली, पिशवीत आईसाठी अर्धा किलो कुंदा, दोन पॉवर बँक, मोबाईलला लावायची क्लिपवाली लेन्स, आणि भिजू नयेत म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले प्रिंटआउट.

झालं असं की जून संपता संपता डेव्हलपमेंटल बायॉलॉजीची एक ऑनलाइन मीटिंग होती, मंगळवार ते गुरुवार तीन संध्याकाळी, आपल्या साडेसहाला सुरू, म्हणजे इंग्लंडात दुपारचे दोन. विद्यार्थ्यांना फी माफ होती म्हणून भाचीनं नाव नोंदवलेलं. मी म्हटलं घरात पंख्याखाली बसून ऐकण्यापेक्षा आजोळी चल की, पाऊस लागलाय, दिवसभर खरी अंडी बघू आणि संध्याकाळी जगातली माणसं काय बोलतात ते ऐकू. ती म्हणाली, "मावशी, तिथं रेंज नसली तर?" म्हटलं, नसली तर नसली, अंडी तर असतील.

हा विषय म्हणजे काय ते एका वाक्यात सांगायचं तर एका पेशीचा अख्खा जीव कसा होतो, डोकं कुठं आणि शेपूट कुठं हे त्या गोळ्याला कसं कळतं. मला हा विषय फार जवळचा आहे आणि आपल्याकडं तो तीन आकृत्या पाठ करून संपवतात याचं मनापासून वाईट वाटतं. बसमध्ये भाचीनं मोबाईलवर वर्मॲटलस नावाची साइट उघडून दाखवली, आधीच सेव्ह करून ठेवलेली. सी. एलेगन्स नावाचा एक मिलिमीटरचा किडा, पूर्ण वाढलेल्या उभयलिंगी किड्याच्या अंगात जननपेशी सोडून ९५९ पेशी, कमी नाही जास्त नाही, आणि वाढताना १३१ पेशी ठरल्या वेळेला मरतात. कुठली पेशी कुणापासून झाली याची पूर्ण वंशावळ जॉन सल्स्टन आणि त्याच्या सोबत्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावून काढली, अंड्यातला भाग १९८३ ला छापून आला, आणि २००२ च्या नोबेलमध्ये ब्रेनर, हॉर्विट्झ यांच्याबरोबर सल्स्टनचं नाव होतं. आता ती वंशावळ कुणीही फुकट बघू शकतो. कुसमळीच्या पुलावर बस थांबली, खाली मलप्रभा तांबडी होऊन चाललेली, आणि माझ्या हातात त्या किड्याचं घराणं. आपल्याला पणजोबाच्या पलीकडचं नाव माहीत नसतं बघा.

घरी पोचलो तर वहिनीनं भाकरी आणि फणसाची भाजी करून ठेवलेली. जेवण झाल्यावर आईनं पहिली बातमी दिली ती कोंबडीची. "शुक्रवारी बसवलीया. अकरा अंडी." खुडूक झालेली काळी कोंबडी, माजघराच्या कोपऱ्यात पाटीत भाताचं काड घालून. मी म्हटलं आई, एक अंडं उजेडात बघायचं का. आईला यात नवीन काहीच नाही, ती लग्न होऊन आल्यापासून अंडी बघते, आधी कंदिलावर, आता बॅटरीवर. दिवे घालवले, कोंबडीच्या पोटाखाली हात घालून तिनं एक अंडं काढलं, कोंबडीनं घशातल्या घशात नाराजी केली तेवढीच, आणि मुठीवर अंडं धरून खालनं बॅटरी लावली.

अंडं आतनं शेंदरी पेटलं. मधोमध एक गडद ठिपका आणि त्यातनं चारी बाजूंना निघालेल्या लाल शिरा, कोळ्यानं जाळं विणावं तशा. जरा दम धरून बघितलं तर ठिपका हलत होता. भाचीनं प्रिंटआउट काढला. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन या दोघांनी १९५१ मध्ये कोंबडीच्या पिल्लाचे अंड्यातले ४६ टप्पे पाडले, तोच तक्ता आजही जगभरच्या लॅबमध्ये वापरतात. चार दिवस म्हणजे साधारण २३ वा टप्पा, हातापायांचे कोंब फुटलेले, डोळा मोठा आणि काळा व्हायला लागलेला. काळीज तर दीड दिवसातच ठोके द्यायला लागतं. आईनं तो कागद बॅटरीच्या उजेडात धरून सगळी चित्रं बघितली, बोट फिरवत फिरवत, आणि म्हणाली, "ह्ये बरं केलंय. आमी नुसतं दिवस मोजतो." मग पुढं म्हणाली, "पर दिवस मोजल्याबिगर ह्ये बी कळायचं न्हाई."

हे वाक्य मी त्या दिवशी सहज ऐकून सोडलं, दोन दिवसांनी आठवलं.

मीटिंग साडेसहाला गच्चीवर पत्र्याखाली बसून ऐकली, रेंज बरी होती. पहिल्या दिवशी बहुतेक फळमाशीवरची भाषणं. मला निम्मं समजलं, खोटं कशाला सांगू, पण भाची फ्लायबेस, म्हणजे या माशीच्या जीनची माहिती साठवलेली साइट, उघडून बसलेली, वक्त्यानं जीनचं नाव घेतलं की ती तिकडं टाकायची आणि तो जीन अंड्यात कुठं चालू होतो, तो बिघडला की माशीचं काय होतं, कुणी कुणी त्यावर काम केलंय, सगळं समोर. १९८० मध्ये न्युसलाइन-फोल्हार्ड आणि वीशाउस यांनी माशीच्या अळीचे पट्टे बिघडवणारे जीन शोधले, १९९५ ला लुईससोबत त्यांना नोबेल मिळालं, हे मी दरवर्षी शिकवते, पण त्यातलाच एक जीन मोबाईलवर उघडून त्याचे पट्टे पट्टे असलेले फोटो मी पहिल्यांदाच बघितले. इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं की हे असं उघडून बघता येतं.

दुसरा दिवस, बुधवार

रात्रभर बेडकांनी झोपू दिलं नाही आणि त्याचाच आनंद होता. सकाळी सातला दादाबरोबर शेतावर. आमच्याकडं भाताची धूळवाफ पेरणी, उगवण झालेली, बांधाच्या खालच्या अंगाला खाचरात वीतभर पाणी. तिथं गवताला गुंडाळलेल्या काळ्या मण्यांच्या माळा. भेकाची म्हणजे आपल्या अंगणातल्या खरखरीत टोडची अंडी, जेलीच्या लांबच लांब दोऱ्यात ओवल्यासारखी. दादा म्हणाला, "ही काल न्हवती." म्हणजे रात्रीचीच.

एक वीतभर माळ पाण्यासकट पांढऱ्या बशीत घेतली आणि क्लिप-लेन्स लावली. ह्यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण १९ वर्षं फळ्यावर काढलेली गोष्ट मी त्या दिवशी जिवंत बघितली. मणी सगळा काळा, पण बशी जरा कलवून एक दोन मणी उलटे पडले तर त्यांच्या खालच्या अंगाला एक बारीक फिकट ठिपका, मोहरीवर टाचणीचं टोक टेकवावं तेवढा. तो म्हणजे पिवळ्या बलकाचा बूच, बाहेरच्या पेशी आत शिरत शिरत शेवटी एवढंच उघडं राहतं. आणि त्या ठिपक्याची वरची कड म्हणजे तीच जागा, जिच्यावर हिल्डे मँगोल्डनं प्रयोग केला. तिनं न्यूटच्या, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या नातेवाईकाच्या, एका गर्भाची ही कड कापून दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडं बसवली आणि त्या गर्भाला दुसरा कणा, दुसरं डोकं, जुळ्यासारखं दुसरं अंग तयार झालं. म्हणजे तेवढासा तुकडा शेजारच्या पेशींना सांगतो की तुम्ही पाठ व्हा, तुम्ही मेंदू व्हा. १९२४ ला तो लेख छापला, त्याच वर्षी घरात स्टोव्हचा भडका होऊन ती भाजून गेली, वय २५. तिचे गुरू स्पेमान यांना १९३५ चं नोबेल मिळालं. मी बशी घेऊन बांधावर बसले होते, साडी निम्मी भिजलेली, आणि त्या पोरीची आठवण येऊन गळा दाटला. तिनं हे असंच वाकून बघितलं असणार.

दुपारी चारला परत बघितलं तर मणी गोल राहिलेच नव्हते, लांबट झालेले आणि पाठीवर मधोमध खाच. भाची गोस्नरच्या तक्त्याशी लावून बघत होती. केनेथ गोस्नर यानं १९६० मध्ये बेडूक आणि भेकांसाठी सोपा तक्ता केला, योगायोगानं त्याचेही टप्पे ४६ च. २५ ला गिल म्हणजे कल्ले झाकून बेडूकमासा स्वतः खायला लागतो, ४२ ला पुढचे पाय बाहेर पडतात, ४६ ला शेपूट संपून बेडूक. सकाळी आम्ही ११-१२ वर होतो, दुपारी १४ च्या पुढं. नऊ तासांत. माळ परत त्याच खाचरात सोडली.

वाटेत तळ्यावरच्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा लटकलेला दिसला, मलबारी उडत्या बेडकाचं घरटं, आत अंडी, पिल्लं झाली की टपटप खाली पाण्यात पडतात. फोटो काढला आणि पुढं गेलो, पाऊस वाढला होता.

संध्याकाळची मीटिंग मात्र फसली. ज्या भाषणासाठी आम्ही थांबलेलो, बेडूकमाशाची शेपूट तोडल्यावर परत कशी येते त्यावरचं, ते सुरू झालं आणि पाचव्या मिनिटाला रेंज गेली. गच्चीवर, आंब्याखाली, देवळाच्या कट्ट्यावर, सगळीकडं फोन धरून फिरलो. शेवटी दादा दोघींना मोटरसायकलवरनं मोठ्या रस्त्यावर घेऊन गेला तोवर पोस्टर सुरू झालेले. भाची रडकुंडीला आलेली. पण पोस्टरचं सेशनच जास्त आवडलं, एकेका खोलीत चार-पाच माणसं, कुणी ब्राझिलची, कुणी पुण्याची, पोस्टरवाली मुलगी बोट दाखवून समजावतेय आणि आपण मधेच विचारलं तर थांबते. छत्रीखाली, रस्त्याच्या कडेला, ट्रक अंगावर पाणी उडवून जातायत आणि भाची इंग्रजीत प्रश्न विचारतेय. चुकलेलं भाषण रेकॉर्ड होऊन दोन आठवडे राहणार होतं, ते मागाहून ऐकलंच.

तिसरा दिवस, गुरुवार

सकाळी लवकर कणकुंबी. माउलीचं दर्शन घेतलं, मलप्रभेचा उगम बघितला. मला या गावाचं लहानपणापासून नवल वाटतं, इथनं निघालेली मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते आणि जवळच्याच डोंगरात उगवलेली म्हादई पश्चिमेला गोव्याच्या समुद्राला. थोड्या अंतरात दोन दिशा. भीमगडच्या अभयारण्यात आम्ही शिरलो नाही, तिथं परवानगी लागते आणि ती घेऊनच जावं.

तिथनं चोर्ल्याला मावसभावाच्या घरी. धुकं इतकं की अंगणातनं गोठा दिसेना. या चोर्ल्याच्याच मातीतला एक देवगांडूळ, बिनपायाचा बेडकांचा नातेवाईक, २००७ मध्ये शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला, त्याच्या नावात म्हादई आहे. मावसभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला असली गांडुळं शेण काढताना दिसतात की वो अक्का.

त्याचा मुलगा आठवीला. तो आम्हाला घरामागं घेऊन गेला, दिंड्याच्या झुडपात, आणि एक पान हळूच उलटं केलं. पानाला चिकटलेले पारदर्शक मणी, साबुदाणा शिजल्यावर होतो तसे पण मोठे. मी मोजले, १७. खाली पाण्याचा थेंब नाही, तळं नाही, डबकं नाही.

लेन्स लावली आणि दोघी गप्प झालो. मण्याच्या आत बेडूक होता. बेडूकमासा नाही, बेडूक. गुंडाळून बसलेला, मागचे पाय मांडी घातल्यासारखे दुमडलेले, बोटं वेगवेगळी दिसत होती, डोळे काळे आणि अंगाच्या मानानं फार मोठे, पोटाला बलकाचा गोळा अजून शिल्लक, आणि पातळ शेपूट अंगाभोवती वळवून कवचाला आतनं टेकवलेली. एकानं पाय झाडला. अख्खा मणी थरथरला आणि भाचीनं माझा दंड घट्ट धरला.

हे झुडपी बेडूक, आपल्या घाटात यांच्या बऱ्याच जाती आहेत आणि नेमकी कुठली ते नुसत्या अंड्यावरनं आम्ही सांगणार नाही. एक मुंबईच्या नावानं ओळखला जाणारा झुडपी बेडूक तर १९१९ मध्ये पहिल्यांदा नोंदला गेला तो आपल्या लोंढ्याजवळच्या कॅसलरॉकहून. यांना पाण्यात पोहणारं बालपण नाहीच, सगळं अंड्यातच उरकतं. पोर्तो रिकोमध्ये कोकी नावाचा असाच एक बेडूक आहे, त्याचा अभ्यास झाला, १९८५ मध्ये टाउनसेंड आणि स्ट्यूअर्ट यांनी त्याचे १५ टप्पे पाडले. बेडूकमाशाचं बेडूक होणं थायरॉइडच्या स्रावावर चालतं, १९१२ ला गुडरनॅच यानं घोड्याची थायरॉइड ग्रंथी बेडूकमाशांना खायला घातली आणि ते वेळेआधीच बेडूक झाले, तेव्हापासून हे माहीत आहे, आणि कोकीमध्ये तोच स्राव अंड्याच्या आत काम करतो. भाचीनं गोस्नरचा तक्ता काढला आणि परत ठेवला, पायांना बोटं आली पण गिल नाही, दात नाहीत, मग हा कितवा टप्पा म्हणायचा? तो तक्ता या पानाला लागूच होत नाही. झेनबेस या साइटवर झेनोपस या आफ्रिकेच्या बेडकाचा प्रत्येक तास आहे, त्याचे ६६ टप्पे आहेत, आणि दिंड्याच्या पानावरच्या ह्या आपल्या जिवाला धरायला आमच्या पिशवीत एकही कागद नव्हता.

अंड्यांना हात न लावता फोटो आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घेतला. चोर्ल्यात मावसभावाच्या ओसरीच्या एका ठराविक खांबाजवळ रेंज येते, तिथं खुर्ची टाकून शेवटच्या दिवसाची मीटिंग ऐकली. शेवटी मोकळ्या गप्पांची खोली होती, भाचीनं धीर करून तो व्हिडिओ दाखवला. तिघं-चौघं एकदम सरसावून बसली. एका बाईंनी, त्या स्वतः बेडकांवर काम करणाऱ्या, पहिला प्रश्न विचारला तो हा की हे अंडं कितव्या दिवसाचं आहे? दुसरा, तिथं तापमान किती? तिसरा, १७ मधली किती हलतायत?

भाची माझ्याकडं बघायला लागली. आमच्याकडं एकाचंही उत्तर नव्हतं. लेन्स होती, तक्ते होते, पॉवर बँक होत्या, पण साधी तारीख नव्हती. त्या बाई छान बोलल्या, म्हणाल्या पुढच्या पावसात अंडी घातल्याच्या रात्रीपासून रोज एक फोटो, तेवढं पुरे, आधी तेच हवं असतं. रात्री आईचं ते वाक्य मी भाचीला सांगितलं. आईला तिच्या अकरा अंड्यांचा वार ठाऊक होता, त्या एका वारावर १९५१ चा अख्खा तक्ता बॅटरीच्या उजेडात बरोबर बसला, आणि आम्ही शिकलेल्या दोघी इथं रिकाम्या हातानं.

चौथा दिवस, शुक्रवार

निघताना मावसभावाच्या मुलाला एक वही दिली. तारीख, वेळ, पाऊस आहे का, किती अंडी दिसतात, एवढंच लिहायचं, पान तोडायचं नाही, हात लावायचा नाही. त्यानं लगेच पहिली ओळ लिहिली.

बेळगावला पोचायला दुपार झाली. संध्याकाळी माझ्याकडं पाच-सहा विद्यार्थी आलेले, त्यांना सगळे फोटो दाखवले. एकानं विचारलं, मॅडम आपल्याकडं लॅब कुठाय. मी त्याला झेब्राफिशचं सांगितलं. निळे पट्टे असलेला तो बोटाएवढा मासा मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो, मूळचा आपल्याकडच्याच नद्यांतला, १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टननं गंगेच्या माशांबद्दल लिहिताना त्याची नोंद केली. त्याचं अंडं काचेसारखं, एका दिवसात आत काळीज चालताना दिसतं. पुढं अमेरिकेत ऑरेगनमध्ये जॉर्ज स्ट्रायसिंगर यानं त्याला लॅबमध्ये आणलं आणि आज त्या माशाची सगळी माहिती झेडफिन या नावानं त्याच विद्यापीठातनं चालते, तुमच्या मोबाईलवर फुकट. नवे लेख छापायच्या आधीच बायोआर्काइव्हवर येतात, २०१३ पासून. आपल्या देशातल्या मीटिंगा, फेलोशिपा, जागा यांची माहिती इंडियाबायोसायन्सवर असते, आणि डेव्हलपमेंटल बायॉलॉजिस्टांची भारतातली स्वतःची संस्था आहे, दर दोन वर्षांनी जमते. पोरांनी हे सगळं लिहून घेतलं. मला हे बारावीत कुणी लिहून दिलं असतं तर, असं वाटून गेलं, पण पोरांपुढं बोलले नाही.

नंतर

मंगळवारी सकाळी चोर्ल्याहून व्हॉट्सॲप आलं. वहीच्या पानाचा फोटो, खाली दिंड्याच्या पानाचा. "शुक्रवार सकाळ ८, १७. शनिवार ८, १७, पाऊस लई. रविवार ८, १६, एक पांढरं पडलंय. सोमवार संध्याकाळ ६, १६, सगळी हलतात. मंगळवार सकाळ ७, एक पण नाही." पानावर जेली तशीच, रिकामी, प्रत्येक मण्याला एक फट. बाहेर पडताना कुणी बघितलं नाही.

आईच्या कोंबडीनं बरोबर एकविसाव्या दिवशी, शुक्रवारी, नऊ पिल्लं काढली. भाचीनं चोर्ल्याला पाठवायला एक थर्मामीटर घेतलाय.